सपाट हवा, गुळगुळीत नको

नवा रस्ता झाला की आपल्याकडे त्याचं कौतुक एकाच शब्दात होतं: गुळगुळीत. जाहीरनाम्यात गुळगुळीत, उद्घाटनाच्या फलकावर गुळगुळीत, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही "आपला रस्ता काय गुळगुळीत झालाय!" खड्ड्यांनी मणके खिळखिळे झालेल्या माणसाला हा शब्द किती गोड वाटतो ते मला ठाऊक आहे. तरीही तो चुकीचा आहे, आणि चुकीच्या शब्दातून चुकीची मागणी जन्माला येते. आपल्याला खरं तर सपाट रस्ता हवा असतो. उंचसखलपणा नसणं म्हणजे सपाट. खरखर नसणं म्हणजे गुळगुळीत. चाकाला धावायला सपाटी लागते आणि थांबायला खरखर लागते. पुण्यात आपण सपाटीसाठी मोर्चे काढतो, खड्ड्यांत झाडं लावतो, आणि खरखरीचं नावही काढत नाही.

माझं हे मत एका पडण्यातून तयार झालं. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस वळवाची एक सर येऊन गेली होती. रस्ता ओला म्हणावा इतकाही ओला नव्हता. सिग्नल पिवळा झाला म्हणून मी ब्रेक दाबला. स्कूटर तिशीच्या आतच होती. पुढचं चाक झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर आलं आणि गाडी माझ्याखालून निघून गेली. गुडघा सोलवटला, मनगटाला प्लॅस्टर बसलं. एका रिक्षावाल्या काकांनी मला कडेला बसवलं, पाणी दिलं आणि मायेनं म्हणाले, "ताई, पावसाचं जरा हळू चालवायचं." मी मान डोलावली. पण मला न्यायला घरचं माणूस येईपर्यंतच्या अर्ध्या तासात त्याच पट्ट्यावर आणखी दोन गाड्या घसरल्या. एक कॉलेजचा मुलगा, आणि एक गृहस्थ, मागे शाळकरी मुलगी बसलेली. एका जागी अर्ध्या तासात तीन माणसं पडतात, तेव्हा तिघांनाही हळू चालवायला सांगून प्रश्न सुटत नाही. आमच्यात समान गोष्ट एकच होती, तो पट्टा.

दुपारी ऊन पडलं. रस्ता वाळला. तिथे काही घडलं होतं याची खूणसुद्धा उरली नाही.

खड्डा आणि घसरण यांत हाच मोठा फरक आहे. खड्डा पुरावा ठेवतो. त्याचा फोटो निघतो, पंचनाम्यात त्याची लांबी-रुंदी लिहिता येते, त्यावर बातमी होते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, तो योग्यच झाला. पण झिजून काचेसारख्या झालेल्या रस्त्यावर घसरून गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी काय दाखवायचं? पोलीस येईपर्यंत रस्ता कोरडा असतो. मग कागदावर चालकाचा ताबा सुटला एवढंच वाक्य उरतं. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. त्यांतले सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत, खड्ड्यांच्या खात्यात १,८५६. मी अतिवेगाचं समर्थन करत नाही. पण वेग जास्त होता असं म्हणताना कशाच्या मानाने जास्त हे सांगायला हवं. पकड असलेल्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर हा साधा वेग असतो. तोच पकड गेलेल्या ओल्या उतारावर जीवघेणा ठरतो. गाडीचा काटा दोन्हीकडे चाळीसच दाखवतो.

रस्त्याची पकड म्हणजे नेमकं काय, हे समजायला प्रयोगशाळेत जायला नको. आपल्या आजीच्या पाट्याकडे पाहिलं तरी पुरे. पाटा-वरवंटा काळ्या दगडाचा. नवा असतो तेव्हा त्याच्या अंगाला बारीक टोचे असतात, चटणी झटकन वाटली जाते. वर्ष-दोन वर्षं वाटून वाटून दगड झिजतो, चकचकीत होतो, आणि मिरची त्याच्यावरून नुसती सरकायला लागते. मग टाकी लावणाऱ्या बाईची वाट पाहायची. दारावरून तिची हाक आली की पाटा उचलून बाहेर. ती छिन्नी-हातोडीने सगळ्या पाट्यावर पुन्हा टोचे उठवून द्यायची. दगड तोच, पण पकड परत आली. आपल्या रस्त्यातली खडीही त्याच काळ्या बेसॉल्टची आहे, वाघोली-मोशीकडच्या खाणींतून आलेली. तिच्यावरून रोज हजारो टायर वरवंट्यासारखे फिरतात. तीही झिजते, तीही चकाकते. फरक एवढाच, की रस्त्याला टाकी लावायची असते हे आपण विसरून गेलो आहोत.

खरखर दोन प्रकारची असते. एक बारीक, प्रत्येक खडीच्या अंगावरची, पॉलिशपेपरवर बोट फिरवल्यासारखी लागणारी. टायरचं रबर खऱ्या अर्थानं धरून ठेवते ती हीच. दुसरी जाड, खडीच्या दोन तुकड्यांमधल्या फटींची. पाऊस पडला की टायरखालचं पाणी या फटींतून निघून जातं, म्हणून वेग वाढला की तिचं महत्त्व वाढतं. दोन्ही गेल्या, की टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो आणि गाडी त्या पापुद्र्यावर चालते.

याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. चांगल्या कोरड्या रस्त्याचा घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, ०.७ च्या आसपास धरता येतो. झिजलेल्या, ओल्या रस्त्याचा त्याच्या निम्मा, ०.३५. ताशी ५० च्या वेगात करकचून ब्रेक लावला तर पहिल्या रस्त्यावर गाडी साधारण १४ मीटरमध्ये थांबते, दुसऱ्यावर २८ मीटरमध्ये. मधलं अंतर पीएमपीच्या एका मोठ्या बसच्या लांबीपेक्षा जास्त आहे. याहून अस्वस्थ करणारा आकडा पुढचा. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, नेमक्या त्या ठिकाणी दुसऱ्या गाडीचा वेग अजून ताशी ३५ असतो. झेब्रा क्रॉसिंगवरून काठी टेकत निघालेल्या आजोबांच्या दृष्टीने हा फरक गाडी पुढ्यात येऊन थांबण्याचा आणि अंगावर येण्याचा आहे. चालक तोच, त्याची सावधगिरी तीच, ब्रेक दाबल्याचा क्षणही तोच.

हा चारचाकीचा हिशेब झाला. चारचाकी निदान सरळ घसरत जाऊन उशिरा थांबते. दुचाकीचं पुढचं चाक अडकलं की माणूस खालीच. २०२२ च्या त्याच अहवालात मृतांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. पुणं तर दुचाकीवरच जगतं. दूध आणायला दुचाकी, मुलांना क्लासला सोडायला दुचाकी, मंडईतून आंब्याची पेटी पायांशी ठेवून आणायला दुचाकी. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या दुचाक्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं, पण या शहरात रोज दिसणाऱ्या स्कूटरपैकी बहुतेक त्या मर्यादेच्या आतल्या आहेत. त्यामुळे ज्या शहराने पकडीचा विचार सगळ्यात आधी करायला हवा होता ते पुणं होतं.

आता पुण्याच्या रस्त्यांवर पायाखाली काय काय आहे ते पाहू. डांबर आणि काँक्रीट यांत कोण श्रेष्ठ, असा वाद इथे रंगतो. माझ्या मते तो वादच चुकीच्या जागी आहे. दोन्ही पदार्थ सुरक्षित करता येतात आणि दोन्ही धोकादायक करता येतात. ते ठरतं वरच्या काही मिलिमीटरांत.

डांबरी रस्ता नवाकोरा असताना प्रत्येक खडीवर डांबराचं आवरण असतं. वाहतुकीने ते घासून खडी उघडी पडेपर्यंत तो रस्ता दिसतो तितका विश्वासू नसतो. पालखीच्या आधी घाईघाईने ओतलेल्या थरावर पहिला पाऊस पडतो तेव्हा नेमकी हीच अवस्था असते. डांबराचं प्रमाण जास्त झालं, तर एप्रिल-मेच्या उन्हात ते वर तरंगून येतं. चाकोऱ्यांच्या जागी काळे, ओले भासणारे पट्टे दिसतात. त्या पट्ट्यांवर खडी बुडून गेलेली असते, चाक नुसत्या डांबरावरून जातं. उलट डांबर कमी पडलं तर खडी सुटते आणि वळणांवर कच पसरते. ती कच म्हणजे दुचाकीखाली टाकलेले गोळेच. पॅचवर्क करून गेल्यावर उरलेली खडी झाडून न्यायची, हे काम कुणाचंच नसल्यासारखं राहून जातं.

काँक्रीट ओलं असतानाच त्याच्यावर ब्रशने किंवा तारांच्या फणीने रेघा ओढायच्या असतात. ही त्याची टाकी. मोठ्या रस्त्यांवर ती निगुतीने होते. पेठांतल्या आणि उपनगरांतल्या गल्ल्यांमध्ये मात्र थापी मारून ते फरशीसारखं लिंपलेलं मी पाहिलं आहे. बघायला आलेल्यांना ते आवडतं, कारण आपला कौतुकाचा शब्दच गुळगुळीत. मग ते वीस-तीस वर्षं तसंच राहतं. काँक्रीटचा टिकाऊपणा हा त्याचा गुण, पण चुकीचा पृष्ठभागही तितकाच टिकतो. शिवाय दोन पट्ट्यांमधला उभा सांधा आणि काँक्रीटची कडा व बाजूची माती यांतली उंचीची पायरी दुचाकीच्या चाकाला फसवते. एक गोष्ट काँक्रीटच्या बाजूने सांगायला हवी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टायर फुटला की लोक सरसकट काँक्रीटला दोष देतात. कमी हवेचा टायर वेगात सारखा दबत राहतो आणि आतून तापतो, जुना किंवा जास्त भार घेतलेला टायर तर जास्तच, हे आधी तपासावं.

पेव्हिंग ब्लॉकबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पदपथावर, वाड्यांच्या बोळात, जिथे गाडी सायकलच्या वेगाने जाते तिथे ते उत्तम. खोदाईनंतर उचलून पुन्हा बसवता येतात. पण गाड्या जिथे ब्रेक मारतात किंवा वळतात अशा वाहत्या चौकात ते बसवू नयेत. खालची वाळू सरकते, एक ब्लॉक वर, एक खाली, वरचा पृष्ठभाग झिजून गुळगुळीत, आणि श्रावणापर्यंत सावलीतल्या ब्लॉकांवर शेवाळ. सुंदर दिसणं हा चौकाचा गुण आहे, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा.

उड्डाणपुलांवर आणि बसथांब्यांजवळ मास्टिक वापरतात. गरम काळा लगदा ओतून बसवलेला थर. तो पाणी अडवतो, दबत नाही, फार चिवट असतो, पण मुळात गुळगुळीत असतो. म्हणून तो गरम असतानाच त्यात डांबरात घोळवलेली कठीण खडी अशी दाबून बसवायची, की ती ३ ते ४ मिलिमीटर वर राहील, असं रस्ते मंत्रालयाच्या मानकातच लिहिलं आहे. मास्टिक ओतलं आणि खडी राहून गेली, तर आपण पुलावर काळी काच बसवली.

आणि या सगळ्यांच्या वर रंग. झेब्रा क्रॉसिंग, थांबरेषा, बाण हे सगळं वितळवून ओतलेल्या थर्मोप्लास्टिक रंगाचं असतं. रात्री चमकावं म्हणून त्यात काचेचे मणी असतात. पण एकावर एक थर चढत गेले की खालची खडी पार झाकली जाते, आणि माणसांच्या सुरक्षिततेसाठी काढलेला पट्टाच त्या चौकातली सगळ्यात निसरडी जागा होते. मी पडले ती त्याच्यावर. त्या रंगात खरखरीत कण मिसळता येतात, आणि पकड गेलेले जुने थर खरवडून मग नवा देता येतो. या अवघड गोष्टी नाहीत.

चेंबरची लोखंडी झाकणं, कामाच्या जागी टाकलेल्या पोलादी प्लेटा, पुलांचे लोखंडी सांधे यांबद्दल दुचाकीस्वाराला वेगळं सांगायला नको. बाणेर-बालेवाडीपासून उंड्रीपर्यंत जिथे इमारती चढताहेत तिथे डंपरच्या चाकांना चिकटून आलेली काळी माती आणि मिक्सरमधून सांडून दगड झालेलं काँक्रीट रस्त्यावर पसरतं. त्यात ऑक्टोबरपासून साचलेलं तेल, धूळ, टायरचं झिजलेलं रबर. मेमधली पहिली हलकी सर याचं उटणं करते. मुसळधार पाऊस पडला तर सगळं धुऊन जातं, पण शिंतोडे पडले की घात होतो. जुन्या झाडांच्या रस्त्यांवर वर्षावृक्षाच्या चिरडलेल्या चिकट शेंगा आणि गुलमोहराच्या पाकळ्यांचा लगदा त्यात भर घालतो. कुणी त्या झाडांवर कुऱ्हाड उचलायला निघण्याआधी सांगते, उपाय झाडू आहे. तेल सांडल्याचा फोन गेला की अग्निशमन दलाचे जवान येऊन माती टाकतात, पाणी मारतात, आणि किती हाडं वाचवतात याची गणना होत नाही. पण ते घडून गेल्यावर येतात. मी घडण्याआधीचं बोलते आहे.

या सगळ्याची मापं नाहीत असं नाही. खडी किती लवकर झिजून चकचकीत होते याची चाचणी आहे. नमुन्याच्या खडीवर सहा तास, आधी जाड आणि मग बारीक भुकटी टाकून, टायर घासतात आणि उरलेली पकड मोजतात. वरच्या डांबरी थरासाठी हा आकडा किमान ५५ असावा, असं मानक आहे. पण ही खडीची प्रवेश परीक्षा झाली. ती रस्त्यात बसल्यावर, तिच्यावर डांबर आणि रंग चढल्यावर, पाच पावसाळे गेल्यावर काय झालं, ते कोण पाहतं? रस्ता ताब्यात घेताना थराची जाडी, डांबराचं प्रमाण, दाबणी, सपाटी यांची विचारणा होते. पकडीचा आकडा नागरिकांसमोर ठेवलेला मी अजून पाहिलेला नाही.

ब्रिटनने १९८८ पासून आपल्या मुख्य महामार्गांसाठी घसरणीविरोधी मानक लागू केलं. तिथे एक खास ट्रक रस्त्यावर पाणी मारत चालतो आणि तिरकं बसवलेलं एक चाक किती पकड मिळते ते सतत नोंदवत जातं. सरळ रस्त्याला एक अपेक्षा, वळणाला, चौकाला आणि क्रॉसिंगच्या अलीकडच्या पट्ट्याला जास्त. आकडा खाली गेला की त्या जागेची तपासणी होते. लंडनमध्ये तर १९६० च्या दशकातच क्रॉसिंगच्या आधीच्या थोड्याशा लांबीवर भाजलेल्या बॉक्साइटचे कठीण कण राळेने चिकटवून बसवायला सुरुवात झाली. तो थर महाग असतो. म्हणूनच तो सगळ्या शहरात न घालता, जिथे माणूस ब्रेक मारतो तेवढ्यावरच घालायचा, ही त्यातली अक्कल घेण्यासारखी आहे.

आपण मागे आहोत ते ज्ञानात नाही, हे मला जास्त लागतं. वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, १९६६ पासूनची, देशभरातल्या गाड्या तपासणारी. भोसरीला केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे. शिवाजीनगरला सीओईपी हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे, ज्याची सुरुवात १८५४ सालची. गाडीचा ब्रेक किती अंतरात थांबवतो याची काटेकोर परीक्षा घेणारं हे शहर आहे. थांबणं मात्र ब्रेक आणि रस्ता दोघांनी मिळून घडतं. एकाची परीक्षा कडक आणि दुसऱ्याला परीक्षाच नाही, हे पुण्याला तरी शोभत नाही.

जंगली महाराज रस्त्याची गोष्ट पुणेकरांना तोंडपाठ आहे. १९७० च्या दशकात रेकॉन्डो कंपनीने तो हॉटमिक्सने, म्हणजे डांबर आणि खडी गरम करून कालवलेल्या मिश्रणाने, बांधला, दहा वर्षं खड्डा पडणार नाही अशी हमी दिली, आणि रस्ता हमीच्या कितीतरी पलीकडे टिकला. ही गोष्ट मीही अभिमानाने सांगते. तिच्यातून आपण काय शिकलो तर हमी मागायला हवी. मग आता त्या हमीत एक ओळ वाढवू. खड्डा पडणार नाही, आणि पकड ठरलेल्या आकड्याखाली जाणार नाही. रस्ता ताब्यात देताना मोजायची, ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे निघालेले दोष त्यानेच दुरुस्त करायची मुदत, संपताना पुन्हा मोजायची. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं आहे. रस्त्याच्या रचनेत, बांधणीत, देखभालीत मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे कुणी दगावलं किंवा अपंग झालं, तर एक लाख रुपयांपर्यंत दंड. पण मोजलेला आकडाच नसेल तर मानक मोडलं हे सिद्ध कसं करणार?

दोन आक्षेप मी नेहमी ऐकते. पहिला, पुणेकर सिग्नल तोडतात, हेल्मेट घालत नाहीत, उलट दिशेने येतात, मग रस्त्याला कशाला बोल लावता? पहिला भाग खरा आहे, आणि मी हेल्मेटशिवाय गाडी काढत नाही. पण चूक माणसाची असली तरी तिची शिक्षा किती, हे बऱ्याचदा रस्ता ठरवतो. खरखरीत रस्त्यावर चुकलेला मुलगा शिव्या खाऊन घरी जातो. शिवाय पडणाऱ्यांत रिक्षात बसलेली, मागच्या सीटवरची, रस्ता ओलांडणारी माणसंही असतात. त्यांनी कुठली शिस्त मोडली?

दुसरा आक्षेप, पकड चांगली केली की लोक आणखी जोरात चालवतील. काही जण चालवतीलही. म्हणून मी सरळ लांब पट्ट्यांसाठी हे मागत नाही. थांबण्याच्या, वळण्याच्या आणि उतरण्याच्या जागांसाठी मागते आहे. आणि खरखरीने सगळं सुटेल असंही मी म्हणणार नाही. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे येणारा लांब उतार पाहा. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने डझनभराहून कितीतरी जास्त गाड्या चिरडल्या. उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेल्या किंवा ब्रेक तापून निकामी झालेल्या ट्रकचं चाकच अडत नाही. तिथे रस्त्याची पकड कुणाला वाचवणार? तिथे उताराची रचना, वेगावर नियंत्रण आणि जड वाहनांची शिस्त हेच बोलायला हवं.

मापनाला खूप पैसा लागतो ही समजूत मात्र मी स्वतः मोडून पाहिली. माझा भाचा सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे. त्याने सांगितलेली रीत इतकी साधी आहे की मी अवाक झाले. २५ मिलिलिटर बारीक, कोरडी, चाळलेली वाळू घ्यायची. रस्त्यावर ओतायची. सपाट चकतीने गोल गोल फिरवत पसरायची, फटी भरून वाळू पृष्ठभागाला येईपर्यंत. मग वर्तुळाचा व्यास मोजायचा. रस्ता खरखरीत असेल तर वाळू फटींत जिरते, वर्तुळ लहान राहतं. गुळगुळीत असेल तर ती पसरतच जाते. २० सेंटिमीटर व्यास आला तर फटींची सरासरी खोली ०.८ मिलिमीटर, ३० आला तर ०.३५. खडीच्या अंगावरची बारीक खरखर यात कळत नाही, तिला लंबकाचं यंत्र लागतं. त्याच्या टोकाला रबराचा तुकडा असतो, तो ओल्या रस्त्याला घासून किती वर जातो ते पाहायचं. तेही दोन माणसांना उचलून नेता येईल एवढंच असतं. शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी मनावर घेतलं आणि महापालिकेच्या पथ विभागाने परवानगी देऊन आकडे स्वीकारायची तयारी दाखवली, तर मुख्य चौकांचे आणि उतारांचे नकाशे दरवर्षी मृगाच्या आधी तयार होऊ शकतात. कुठे पकड किती, हे वॉर्डाच्या नकाशावर सगळ्यांना दिसू द्या. नगरसेवकाला विचारायला आम्हाला आकडा तरी मिळेल.

गेल्या रविवारी पहाटे साडेपाचला भाचा आणि मी आमच्या कॉलनीच्या रस्त्यावर बसलो. समोरच्या बंगल्यातल्या आजी फिरायला निघाल्या होत्या. "रस्त्यात रांगोळी गं कसली?" म्हणून थांबल्या आणि मग टेप धरून उभ्या राहिल्या. रस्त्याच्या मधल्या सरळ भागात वर्तुळ २२ सेंटिमीटरचं आलं. उतार संपून मुख्य रस्त्याला लागतो त्या वळणावर, जिथे शाळेच्या व्हॅन रोज ब्रेक मारतात, ३१ सेंटिमीटरचं. खोली ०.३३ मिलिमीटर, म्हणजे सरळ भागाच्या निम्मी. आजींनी त्या जागी पाय घासून पाहिला आणि म्हणाल्या, "इथेच गेल्या वर्षी दूधवाला पडला होता."

तारीख, जागा, दोन्ही वर्तुळांचे फोटो आणि मापं लावून मी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिला आहे. वळणाच्या अलीकडच्या २० मीटरवर खडबडीत थर द्यावा आणि तिथला झेब्राचा जुना रंग खरवडून नवा द्यावा, एवढीच मागणी आहे. आवक क्रमांक मिळाला आहे. मृगाला अजून पाच आठवडे आहेत.